उशीर म्हणजे तपास नव्हे

मागच्या उन्हाळ्यात एका मित्राचा फोन आला. "रेफरन्स म्हणून तुझं नाव देऊ का?" नोकरी बदलतोय असे समजून मी लगेच हो म्हणालो. खरा प्रकार दोन दिवसांनी कळला. तो पिस्तूल विकत घेण्याच्या परवान्यासाठी अर्ज करत होता. आम्ही राहतो त्या न्यू जर्सी राज्यात हँडगन घ्यायची तर दुकानात जाण्याआधी आपल्या गावच्या पोलीस प्रमुखाकडून खरेदीचा परवाना मिळवावा लागतो. त्या अर्जात नात्यात नसलेल्या पण तुम्हाला नीट ओळखणाऱ्या दोन माणसांची नावे द्यावी लागतात. त्यातले एक नाव माझे.

मला बंदुकी आवडत नाहीत. माझ्या घरात एकही नाही आणि येणारही नाही. तरी मित्राला नाही म्हणवले नाही. त्याच्या गल्लीत लागोपाठ दोन भारतीय घरे फोडली गेली होती. आपल्या घरांत सोने असते हे चोरांना पक्के ठाऊक आहे. 2011 ते 2014 या काळात एका टोळीने न्यू जर्सी, न्यूयॉर्क, जॉर्जिया, टेक्सास, मिशिगन अशा राज्यांत आशियाई कुटुंबांची घरे हेरून सशस्त्र दरोडे घातले होते. त्या टोळीच्या सूत्रधार बाईला 37 वर्षांची शिक्षा झाली. जुने लोक त्याही मागे जातात. 1987 साली जर्सी सिटीच्या परिसरात 'डॉटबस्टर्स' नावाखाली कुंकू लावणाऱ्या बायकांना आणि एकूणच भारतीयांना धमक्या आल्या, मारहाणी झाल्या, आणि होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला जमावाने इतके मारले की तो वाचला नाही. ती भीती इथल्या मराठी घरांतही अजून मुरलेली आहे. मित्राचा निर्णय मला पटला नव्हता, पण त्याची भीती खोटी नव्हती.

प्रश्नावली ईमेलने आली आणि थेट स्पॅममध्ये जाऊन पडली. मला ती अकरा दिवसांनी दिसली. ते अकरा दिवस माझ्यामुळे गेले, ते मी आधीच कबूल करतो. उघडून वाचली तेव्हा मात्र मी सावरून बसलो. हा माणूस दारूच्या आहारी गेलेला आहे का? घरात हिंसा करतो का? त्याच्या मानसिक स्वास्थ्याबद्दल काही ठाऊक आहे का? त्याच्या हाती शस्त्र देऊ नये असे काही कारण तुम्हाला दिसते का? अठरा वर्षे एकमेकांच्या घरी गणपतीला जातो, तरी असा विचार मी त्याच्याबद्दल कधी केला नव्हता. उत्तरे दहा मिनिटांत लिहून झाली, पण राज्य हे प्रश्न विचारते याचे मला मनापासून समाधान वाटले. बंदूक विकण्याआधी कोणीतरी कोणालातरी विचारते आहे.

पुढे मात्र काहीच घडेना. बोटांचे ठसे झाले, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासण्याची संमती दिली, फी भरली, दोन्ही रेफरन्सची उत्तरे पोहोचली. तिसावा दिवस गेला, साठावाही गेला. फोन केला की एकच उत्तर यायचे, "प्रक्रियेत आहे." कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या टेबलावर, कशासाठी अडले आहे, यातले काहीही कळायचे नाही. परवाना हातात आला तो 97 व्या दिवशी. शेजारच्या टाउनशिपमध्ये राहणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याला तोच परवाना, त्याच राज्यात, त्याच कायद्याखाली, तीन आठवड्यांत मिळाला होता.

कायदा काय म्हणतो? न्यू जर्सीचा कायदा म्हणतो की नाकारण्याचे सबळ कारण नसेल तर पोलीस प्रमुखाने रहिवाशाला अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत परवाना द्यावा. राज्याबाहेरच्या माणसासाठी 45 दिवस. यात मोघम काही नाही, 'शक्यतो' असा शब्दही नाही. पण राज्यात 564 नगरपालिका आहेत. बहुतेक ठिकाणी अर्ज स्थानिक पोलीस पाहतात, आणि गावाला स्वतःचे पोलीस दल नसेल तर राज्य पोलीस. त्यामुळे कायदा एक असला तरी घड्याळे पुष्कळ आहेत, आणि तुमचा अर्ज कोणत्या घड्याळावर चालणार हे तुमचे घर ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे यावर ठरते.

आपल्याकडे 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' म्हणतात. हडसन नदीच्या पलीकडे न्यूयॉर्क राज्यात पिस्तूल परवान्याच्या अर्जावर निर्णय द्यायला कायद्यानेच सहा महिने दिले आहेत. न्यू जर्सीने स्वतःला महिनाच दिला. मग तो पाळायला हवा, किंवा पाळता येत नाही हे सांगून कायदा बदलायला हवा. माझी तक्रार त्या दोन्हींच्या मधल्या जागेबद्दल आहे.

या विषयावर बोलणे निघाले की इथे लगेच दोन फळ्या पडतात. एका बाजूचे लोक म्हणतात, परवानाच नको, हा घटनेने दिलेला हक्क आहे, हक्कासाठी कसली परवानगी? दुसरी बाजू म्हणते, उशीर होतोय ना, होऊ दे. बंदुकी जितक्या उशिरा आणि जितक्या कमी, तितके बरे. मी स्वभावाने दुसऱ्या बाजूचा आहे, आणि हा लेख मुख्यतः माझ्याच बाजूच्या लोकांसाठी लिहितो आहे.

जून 2015 मधल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. न्यू जर्सीच्या दक्षिण भागात बर्लिन टाउनशिप आहे. तिथल्या एका स्त्रीने 21 एप्रिलला हँडगनच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. पूर्वीच्या जोडीदाराविरुद्ध तिच्याकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश होता. घराला तिने कॅमेरे लावले होते, अलार्म बसवला होता. कायदा पाळणारा घाबरलेला माणूस जे जे करू शकतो ते सगळे तिने केले होते. 3 जूनला त्या माणसाने तिला तिच्याच घराच्या दारात भोसकून मारले. अर्ज करून 43 दिवस झाले होते आणि परवाना आलेला नव्हता. कायद्याची मुदत उलटून जवळजवळ दोन आठवडे झाले होते.

त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, 17 जूनला, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. त्याच्या हातात ते पिस्तूल आले कसे? तिथे खरेदीचा परवाना लागत नव्हता. दुकानदाराने केंद्राच्या यंत्रणेकडे चौकशी पाठवायची, आणि तीन कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर विक्री करायला मोकळे, असा नियम होता. त्या तरुणाने 11 एप्रिलला खरेदीचा प्रयत्न केला. त्याच्यावर अमली पदार्थांचा गुन्हा होता आणि तो नीट तपासला गेला असता तर विक्री नाकारली गेली असती. पण अटक नेमकी कोणत्या पोलिसांनी केली याची नोंद चुकली होती. तपास करणारी कर्मचारी भलत्याच कार्यालयाकडे विचारणा करत राहिली. तीन दिवस सरले आणि 16 एप्रिलला पिस्तूल विकले गेले. पुढे जुलैमध्ये एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनी ही चूक जाहीरपणे मान्य केली.

पहिली घटना बंदुकीच्या बाजूचे लोक सांगतात, दुसरी बंदुकीच्या विरोधातले. दहा वर्षे मी दोन्ही ऐकत आलो आहे, वेगवेगळ्या तोंडून. मला त्यांत एकच गोष्ट दिसते. दोन्हीकडे तपास वेळेत झाला नाही. एका ठिकाणी त्या न झालेल्या तपासाची किंमत पात्र माणसाने मोजली, कारण उत्तर नाही म्हणजे नकार असे यंत्रणेने गृहीत धरले होते. दुसऱ्या ठिकाणी अपात्र माणसाला बंदूक मिळाली, कारण उत्तर नाही म्हणजे होकार असे गृहीत धरले होते. दोन्ही ठिकाणी ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते, तो प्रश्न कोणीतरी अर्ध्यावर सोडला होता.

पिस्तूल वेळेवर मिळाले असते तर ती स्त्री वाचली असती का? ते कोणालाही सांगता येणार नाही, आणि वाचलीच असती असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. घरात हिंसा करणाऱ्या पुरुषाच्या हाती बंदूक असली की बाईचा खून होण्याचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे 2003 सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले होते. बंदूक घरात आली की ती कोणाच्या हाती लागेल याचा भरवसा नसतो. पण हा प्रश्न त्या टाउनशिपच्या कचेरीपुढे नव्हताच. कचेरीपुढे एवढाच प्रश्न होता की ही बाई कायद्याने पात्र आहे की नाही. त्याचे उत्तर महिन्यात द्यायचे होते, हो किंवा नाही.

माझ्या बाजूचे मित्र यावर जे म्हणतात त्यात तथ्य आहे, म्हणून ते पूर्ण मांडतो. वाट पाहायला लावल्याने जीव वाचतात हे खरेच आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिकेतल्या अनेक दशकांच्या आकडेवारीवरून असे दिसले की बंदूक हाती देण्याआधी सक्तीने थोडे दिवस थांबवणाऱ्या कायद्यांमुळे बंदुकीने होणारे खून सुमारे 17 टक्क्यांनी घटतात, आत्महत्याही कमी होतात. 2021 साली या देशात बंदुकीने 48,830 माणसे मेली आणि त्यांतल्या 26,328 आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. मरणाची लाट मनात उसळते आणि ओसरते. तेवढ्यात हाताशी बंदूक नसली तर तो माणूस बहुधा जगतो, आणि असली तर क्वचितच वाचतो. परवान्याचेही तसेच. कनेक्टिकटने 1995 मध्ये हँडगनसाठी परवाना सक्तीचा केला, पुढच्या दहा वर्षांत तिथले बंदुकीचे खून सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. मिसुरीने 2007 साली अशीच अट काढून टाकली आणि तिथे खून वाढले. न्यू जर्सीत 1966 पासून कडक कायदा आहे, आणि बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत कमी असलेल्या राज्यांत न्यू जर्सी मोडते. माझी मुले याच राज्यात शाळेत गेली. हे आकडे माझ्यासाठी कोरडे नाहीत.

पण ठरवून दिलेली प्रतीक्षा आणि टेबलावर पडून राहिलेला अर्ज या दोन गोष्टी एक कशा? पहिली सगळ्यांना सारखी असते, आधी माहीत असते, तिचा हेतू कायद्यात लिहिलेला असतो, आणि ती संपते. दुसरी गावागणिक बदलते आणि कधी संपेल ते कोणी सांगत नाही. माझ्या मित्राचा अर्ज 97 दिवस राहिला, तो त्याच्याबद्दल अधिक चौकशी चालू होती म्हणून नाही. माझ्याकडे पुन्हा काही विचारणा आली नाही, दुसऱ्या रेफरन्सकडेही नाही, त्याला कोणी मुलाखतीला बोलावले नाही. जे तपासायचे ते पहिल्या काही आठवड्यांतच तपासून झाले होते. उरलेले दिवस फाइल नुसती पडून होती. पडून असलेल्या फाइलीमुळे कोणाचा जीव वाचतो?

उलट, पडून राहणाऱ्या फाइलींच्या गर्दीत जिच्याकडे खरेच लक्ष द्यायला हवे ती फाइल दडते. 2020 साली महासाथीच्या आणि अस्वस्थतेच्या दिवसांत अमेरिकेत बंदुकीसंबंधीच्या केंद्रीय चौकश्या 3 कोटी 97 लाखांच्या आसपास गेल्या. आदल्या वर्षी त्या 2 कोटी 84 लाखांच्या घरात होत्या. स्थानिक कचेऱ्यांत अर्जांचे ढीग साचले. अशा ढिगापुढे बसलेली एखादी कारकून किंवा हवालदार काय करणार? दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या अर्जदाराच्या शेजाऱ्याशी ती दहा मिनिटे जास्त बोलेल, की पुढचा कागद ओढेल? तपास नीट व्हावा असे ज्याला वाटते त्याला ढीग नकोसाच वाटायला हवा.

आणखी एक गोष्ट मला या साऱ्यात सर्वांत जास्त खटकते. अर्ज नाकारला तर पोलीस प्रमुखाला कारण द्यावे लागते. ते कारण पटले नाही तर अर्जदार न्यायालयात जाऊ शकतो, तिथे सुनावणी होते, प्रमुखाला आपला निर्णय सिद्ध करावा लागतो. उशिराला असे काही लागत नाही. उशिरावर कोणाची सही नसते. ज्याला नकार द्यायची इच्छा आहे पण कारण नाही, त्याच्यासाठी उशीर हे फार सोयीचे हत्यार आहे. प्रत्येक उशीर मुद्दाम केलेला असतो असे मी म्हणत नाही, बहुतेक वेळा ती निव्वळ ओढाताण असते. पण मुद्दाम केलेला आणि आपसूक झालेला उशीर बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात, आणि तिथेच धोका आहे.

या देशात स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेल्या परवान्यांचा इतिहास फारसा चांगला नाही. 30 जानेवारी 1956 ला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अलाबामातल्या माँटगोमेरीच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. धोका कोणाला आहे याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. तरी अर्ज नाकारला गेला. पुढे त्यांनी शस्त्राचा विचारच सोडला, आणि त्यांच्या अहिंसेपुढे मी नतमस्तक आहे. पण ती निवड त्यांची होती, त्या कचेरीने त्यांच्यावर काही उपकार केले नव्हते. नॉर्थ कॅरोलायनात शेरीफकडून (काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पोलीस प्रमुखाकडून) पिस्तुलाचा परवाना घेण्याचा कायदा 1919 सालचा, म्हणजे वर्णभेदाच्या ऐन काळातला. ज्यांची आडनावे अधिकाऱ्याला उच्चारता येत नाहीत अशा आम्हां लोकांना तरी लिखित मुदत आणि लिखित कारण यांचे मोल कळायला हवे.

त्या नॉर्थ कॅरोलायनाचे पुढे काय झाले ते माझ्या बाजूच्या प्रत्येकाने वाचावे. तिथे शेरीफला निर्णयासाठी 14 दिवसांची मुदत होती. 2020 मध्ये मोठ्या काउंट्यांत ती सरसकट मोडली गेली, काही शेरीफांवर खटले भरले गेले, परवान्यासाठी ताटकळलेल्या लोकांचा राग साचत गेला. तो राग विरोधकांना आयता मिळाला. 29 मार्च 2023 ला तिथल्या विधिमंडळाने राज्यपाल रॉय कूपर यांचा नकाराधिकार ओलांडून परवान्याची अटच रद्द केली. शंभर वर्षांचा कायदा गेला. विधिमंडळातले संख्याबळ हे मोठे कारण होतेच, पण उशिराने त्या कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांची तोंडे बंद केली होती. जो कायदा सरकार स्वतःच पाळत नाही, तो नागरिकांनी पाळावा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

न्यायालयांतही हाच धागा आहे. 23 जून 2022 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कचा 1913 पासूनचा नियम रद्द केला. शस्त्र घेऊन बाहेर पडण्यासाठी खास गरज सिद्ध करा, असे तो नियम म्हणत असे. हा निकाल मला आवडला नाही. पण त्यातल्या एका तळटीपेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. परवाना पद्धत आपोआप घटनाबाह्य ठरत नाही, असे तिथे म्हटले आहे. मात्र अर्ज हाताळायला लागणारा प्रदीर्घ काळ किंवा अवाच्या सवा फी यांमुळे सामान्य माणूस हक्कापासून वंचित राहत असेल, तर त्याविरुद्ध दाद मागता येईल, असेही तिथेच म्हटले आहे. ऑगस्ट 2024 मध्ये मेरीलँडची हँडगन परवाना पद्धत केंद्रीय अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने वैध ठरवली. तिथे 30 दिवसांपर्यंत लागणारा वेळ न्यायाधीशांना गैर वाटला नाही. आणि सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय न्याय खात्याने लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यावर दावा ठोकला. सव्वा वर्षात आलेल्या जवळपास चार हजार नव्या अर्जांपैकी फक्त दोन मंजूर झाले, असा त्यात आरोप आहे. आरोप किती टिकेल ते न्यायालय पाहील. पण हे तिन्ही एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. वेळेत चालणारी परवाना पद्धत न्यायालयात तग धरते आहे. रेंगाळणारी पद्धत मात्र तिच्या विरोधकांच्या हाती स्वतःहून कोलीत देते आहे.

मग उपाय काय? बंदूकवाल्यांच्या सभांत हमखास टाळ्या घेणारा उपाय असा: मुदत संपली की परवाना मंजूर झाला असे समजावे. मी याच्या ठाम विरोधात आहे. चार्ल्सटनमध्ये तेच झाले. कचेरीच्या चुकीची शिक्षा चर्चमध्ये बसलेल्या माणसांना का? 25 जून 2022 च्या केंद्रीय कायद्याने 21 वर्षांखालच्या खरेदीदारांसाठी तीन दिवसांची ती मुदत, गरज पडल्यास, दहा कामाच्या दिवसांपर्यंत वाढवली, हे बरे झाले. मुदत चुकली तर त्याचा भार अधिकाऱ्यावर पडला पाहिजे. तो अर्जदारावर पडू नये आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर तर मुळीच नाही.

आणि इथे मला आपल्या महाराष्ट्राचा एक कायदा आठवतो. 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. त्याची अंमलबजावणी कशी होते यावर गावी गेलो की मी भरपूर ऐकतो, लोक हसतातही. पण त्याची रचना पाहा. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला. अर्ज दिला की पोच मिळते आणि मुदतीची तारीख कळते. मुदत चुकली की खात्यातच पहिले अपील, मग दुसरे, मग आयोग. कारण नसताना उशीर केला तर त्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. दाखला आपोआप मिळत नाही, पण दाखला का मिळाला नाही हे एका जिवंत माणसाला सांगावे लागते. न्यू जर्सीच्या 30 दिवसांमागे असा माणूस उभा नाही. मुदत आहे, पण ती चुकली तर कोणाला काही होत नाही. वेळेवर निर्णय द्या, असा आदेश मिळवण्यासाठी वकील करून न्यायालयात जाता येते, पण ते कोणाला परवडते? ज्या बाईला आज रात्रीची भीती आहे तिला तर नाहीच.

कर्मचारी कमी आहेत, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि लहान गावांत ते खरेही आहे. सात-आठ पोलिसांच्या दलात परवान्याचे काम जो करतो तोच शाळेसमोर वाहतूक सांभाळतो. पण डिसेंबर 2022 च्या कायद्याने न्यू जर्सीत फी वाढवली. हँडगन खरेदीच्या परवान्याला पूर्वी 2 डॉलर लागत, आता 25. बंदूक खरेदीदाराच्या ओळखपत्राला 5 होते, आता 50. शस्त्र घेऊन फिरण्याच्या परवान्याला 200 डॉलर, त्यांतले 150 नगरपालिकेला. हा पैसा याच टेबलासाठी वापरा. ज्या गावांना एकेकट्याने झेपत नाही त्यांनी काउंटीच्या पातळीवर एकत्र कचेरी करावी. इथे चार-चार गावे मिळून शाळा चालवतात, आगीचे बंब चालवतात, मग हे का नाही? अर्ज ऑनलाइनच असतो, तर तो कितव्या दिवशी कोणत्या टप्प्यावर आहे हे अर्जदाराला दिसायला हवे. रेफरन्सचे उत्तर आले नसेल तर तसे कळवायला हवे. माझे अकरा दिवस एका आठवणीच्या फोनने वाचले असते. आणि ज्याच्या हाती न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे त्याचा अर्ज प्रत्येक गावात रांगेच्या पुढे यायला हवा, वशिल्याने नव्हे, नियमाने.

खरा संशय असेल तर? तर जास्त वेळ घ्या, जरूर घ्या. मानसिक उपचारांच्या नोंदी दुसऱ्या राज्यातून यायच्या असतील, जुना गुन्हा अर्धवट नोंदलेला असेल, तर महिन्याने काय होणार? पण एकतिसाव्या दिवशी अर्जदाराला एक पत्र जाऊ दे: अमुक कागद आलेला नाही, म्हणून थांबलो आहोत, अमुक तारखेला पुन्हा पाहू, खाली सही. संशय लिहून ठेवावा लागला की तो तपासला जातो. न लिहिलेला संशय नुसता साचून राहतो, आणि तेवढ्यात चांगला माणूस वैतागतो, वाईट माणूस दुसऱ्या राज्यातून चोरीची बंदूक मिळवतो.

मित्राला परवाना मिळाल्यावर मी त्याच्याशी पुष्कळ भांडलो. परवाना 90 दिवस चालतो, त्या काळात घेतले नाही तर मुदतवाढ मागावी लागते. त्याने पिस्तूल घेतले, तिजोरीही घेतली, प्रशिक्षणही केले. त्याच्या मुलीला तिजोरीचा आकडा ठाऊक नाही ना, हे मी दर भेटीत विचारतो, आणि तो न चिडता उत्तर देतो. आमचे या विषयावर एकमत होणार नाही. पण 97 दिवसांच्या बाबतीत आमचे एकमत आहे, आणि इथल्या राजकारणात दोन फळ्यांतली माणसे एकाच गोष्टीवर चिडलेली असणे इतके दुर्मीळ आहे की ते वाया घालवू नये असे मला वाटले.

न्यू जर्सीत सरकारी कागद पाहण्याचा कायदा आहे. आपल्या माहिती अधिकारासारखाच. त्यात उत्तर द्यायला कचेरीला सात कामाचे दिवस असतात, आणि ते बहुधा पाळले जातात. गेल्या आठवड्यात मी आमच्या टाउनशिपकडे अर्ज केला. मला कोणाचेही नाव नको, कोणाचीही फाइल नको. गेल्या तीन वर्षांत हँडगन परवान्याचे किती अर्ज आले, किती तीस दिवसांत निकाली निघाले, किती त्यापलीकडे गेले, सर्वांत जास्त वेळ घेतलेल्या अर्जाला किती दिवस लागले, एवढेच विचारले आहे. कौन्सिलची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी असते आणि प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटे बोलता येते. पुढच्या बैठकीला मी आणि माझा मित्र दोघेही जाणार आहोत. आकडे आले तर आकडे वाचून दाखवू. नाही आले तर ते का आले नाहीत ते विचारू.